रॉक बँड ‘पाहिला’ की ‘ऐकला’? आणि ‘लाइव्ह’ला काय म्हणावे?

भाचीच्या एका वाक्यावरून आमच्या घरी दोन आठवडे वाद चालू आहे आणि तो मिटत नाही, म्हणून येथे मांडते आहे. सोसायटीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी तिने लोलापलूझा या संगीत महोत्सवाविषयी लेख लिहिला. जानेवारी २०२३ मध्ये तो मुंबईत महालक्ष्मी रेसकोर्सवर भरला होता आणि भारतातली ती त्याची पहिलीच खेप होती. लेखाचे पहिले वाक्य असे होते : ‘आयुष्यात पहिल्यांदा मी इतके रॉक बँड एकाच ठिकाणी लाइव्ह पाहिले.’ स्मरणिकेची मुद्रिते मी तपासते. मी ‘पाहिले’ खोडून ‘ऐकले’ केले आणि ‘लाइव्ह’भोवती वर्तुळ काढून समासात प्रश्नचिन्ह ठेवले. दुसऱ्या दिवशी ती कागद हातात घेऊन आली आणि म्हणाली, ‘‘मावशी, तू माझे वाक्य चुकवलेस. ऐकत तर मी घरीही होते. तिथे मी पाहायला गेले होते.’’

माझी बाजू साधी होती. संगीत ऐकायचे असते. ‘मी भीमसेनांना ऐकले आहे’, ‘किशोरीताईंना ऐकले आहे’ ही वाक्ये मराठीत इतकी रुळलेली आहेत, की तेथे गाण्याचा उल्लेखही करावा लागत नाही. गवई हाच ऐकण्याचे कर्म होतो. नाटक, तमाशा, सर्कस, कुस्ती या गोष्टी पाहायच्या. परंतु हे नियम मनाशी घोळवत असताना मला माझ्या आजीची आठवण झाली. ती नेहमी ‘मी बालगंधर्वांना पाहिले आहे’ असेच म्हणायची. ‘ऐकले’ असे तिच्या तोंडून मी एकदाही ऐकले नाही, आणि ती पाहिले म्हणाली तरी पुढे वर्णन करायची ते पदांचेच, एकेका पदाला किती वन्स मोअर पडले त्याचे. शालू, चाल, रंगमंचावरचा प्रकाश आणि पद हे सगळे तिच्यासाठी एकच होते आणि त्या सगळ्याला मिळून ‘पाहणे’ हे क्रियापद तिला पुरत होते. भाचीचे म्हणणे मला तेव्हापासून पटू लागले आहे, तरी पूर्ण पटलेले नाही.

‘लाइव्ह’चा प्रश्न अधिक अवघड आहे. दूरचित्रवाणीच्या संदर्भात आपण ‘थेट’ म्हणतो, पण ‘थेट प्रक्षेपण’ हे त्याच्यासाठी असते, जो तेथे नाही. सामना वानखेडेवर चालू आहे आणि मी घरी बसून तो ‘थेट’ पाहते. रेसकोर्सच्या गवतावर उभ्या असलेल्या माणसाला ‘थेट’ लावले, तर अर्थ उलटा होतो. ‘जिवंत’ हा शब्द पुण्यातल्या गणपती मंडळांनी ‘जिवंत देखावा’ म्हणून पक्का केलेला आहे. तेथे तो शोभतो, कारण एरवी देखाव्यात पुतळे असतात किंवा यंत्रावर हलणाऱ्या मूर्ती असतात आणि त्यांच्या जागी हाडामांसाची माणसे उभी राहतात. ‘जिवंत बँड’ म्हटले, की मात्र नकळत मेलेला बँड डोळ्यापुढे येतो, आणि ‘जिवंत संगीत’ ही तर स्तुती झाली. रसरशीत ध्वनिमुद्रणालाही ती करता येते. ‘प्रत्यक्ष’ चालतो, पण ‘प्रत्यक्ष बँड’ हे विशेषण म्हणून अडखळते. मला एक जुना शब्द सुचला आहे : ‘समक्ष’. पूर्वी पत्रात ‘बाकी समक्ष भेटीत’ असे लिहिण्याची पद्धत होती. ‘समक्ष ऐकले’ हे कसे वाटते? जाणकारांनी मत द्यावे. ‘रॉक’साठी ‘खडक’ सुचवू नये, ही विनंती. त्या नावातला मूळ भाव झुलण्याचा, डोलण्याचा आहे. दगडाशी त्याचा संबंध नाही.

प्रतिसाद (नागपूरहून)

आपल्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे असे मला वाटते, आणि ती म्हणजे बसणे. संगीताच्या कार्यक्रमासाठी आपल्याकडे जे शब्द आहेत, त्यांत श्रोता बसलेला आहे. ‘बैठक’ उघडच आहे. ‘जलसा’ आणि ‘मजलीस’ हे दोन्ही शब्द बसणे या अर्थाच्या एकाच अरबी धातूतून आले आहेत. ‘मैफल’ तेवढी मुळात जमण्याची आहे, आणि मराठीनेही नेमके ‘मैफल जमली’ असेच म्हणणे पसंत केले. तरी तो शब्द उच्चारताच गादी, लोड आणि मांडी घातलेली माणसे दिसतातच. लावणीतसुद्धा ‘बैठकीची लावणी’ निराळी आणि ‘फडाची लावणी’ निराळी. बैठकीची लावणी आपण ऐकतो, फडाची पाहतो. आपल्या भाचीचे ‘पाहिले’ या दुसऱ्या घरातले आहे.

आमच्या विदर्भात तर या भेदाला शब्दच आहे. तमाशाच्या जातीचा जो लोकनाट्यप्रकार आमच्याकडे चालतो, त्याला ‘खडी गंमत’ म्हणतात. शाहीर उभा, साथीदार उभे, डफ आणि तुणतुणे उभ्यानेच वाजते. लहानपणी मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या गावजत्रेच्या, दिवसांत आम्ही ती पाहायला जात असू, आणि मागच्या रांगेतली पोरे आपोआप उभी राहत, कारण बसून काही दिसत नसे. ‘खडी गंमत ऐकली’ असे म्हणणारा मला भेटलेला नाही. बसून ऐकायचे आणि उभ्याने पाहायचे, असा काहीसा नियम भाषेने स्वतःशीच करून ठेवला आहे.

अर्थात शब्द आपले मूळ विसरतात हेही खरे. सत्यशोधक जलसे आणि पुढे आंबेडकरी जलसे गावोगाव झाले, तेव्हा मंचावर सगळे उभे राहून, हातवारे करून, नाचून गात होते. त्या कार्यकर्त्यांनी बसण्याच्या शब्दाला उभे केले. म्हणून ‘रॉकचा जलसा’ म्हणायला माझी हरकत नाही. उलट भर मैदानात, मोठ्या जमावापुढे, विरोधाचा सूर घेऊन गाणे ही त्या शब्दाची अलीकडची ओळख रॉकला जवळची आहे.

प्रतिसाद (परळहून)

मला ‘बँड’विषयी लिहायचे आहे, कारण घोटाळ्याची सुरुवात तेथून होते. मराठीत बँड म्हणजे वरातीपुढचा बँड किंवा पोलीस बँड. माझ्या वडिलांना ‘मुलगा बँडमध्ये आहे’ असे कोणी सांगितले असते, तर त्यांनी लाल कोट आणि क्लॅरिनेट हेच डोळ्यापुढे आणले असते. रॉक बँड म्हणजे चारपाच जणांचा कायमचा संच, जो स्वतःची गाणी स्वतः रचतो आणि गातो. अशा संचाला मराठीत नाव नव्हते असे मुळीच नाही. शाहिरांचे ‘कलापथक’ होते. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ मध्ये लालबावटा कलापथक काढले, आणि ती मंडळी स्वतःच लिहीत, चाली लावत आणि गात. गणेशोत्सवात ‘मेळे’ होते, आणि त्या शब्दात गाणारी मंडळी आणि जमलेली गर्दी हे दोन्ही अर्थ नांदत होते. तमाशाचा ‘फड’ आहे. आणि सर्वांत सैल, सर्वांत उपयोगी शब्द म्हणजे ‘पार्टी’ : भजनी पार्टी, कव्वाली पार्टी, ‘अमुक शाहीर आणि पार्टी’.

आमच्या भागात ज्याला ‘बेंजो पार्टी’ म्हणतात, ती तर रॉक बँडची सख्खी शेजारीण आहे. विजेवर चालणारा बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ताशा, ढोल, सगळे एका टेम्पोवर किंवा रस्त्यावर उभे, आणि पुढे नाचणारी गल्ली. विसर्जनाच्या दिवशी आम्ही ‘यंदा कोणाची पार्टी आहे?’ असे विचारतो. मग पार्टी वाजायला लागली, की ती ना ऐकली जाते, ना पाहिली जाते. तिच्यापुढे नाचले जाते. म्हणून मला वाटते, आपला ‘ऐकले की पाहिले’ हा प्रश्न अर्धा आहे. तिसरे क्रियापद ‘नाचलो’ हे आहे आणि मराठीत त्याचा प्रयोगही फार सुंदर होतो : ‘आम्ही त्यांच्या बेंजोवर नाचलो.’

मी १९८० च्या दशकाच्या शेवटी धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉकला जात असे. १९८६ मध्ये सुरू झालेला तो महोत्सव स्वातंत्र्यदिनाच्या आसपास, म्हणजे ऐन पावसात, उघड्या नाट्यगृहात होई. तेथली आमची भाषा मला नीट आठवते. आम्ही ‘आय-रॉकला चाललो’ म्हणत असू. पाहायला नाही, ऐकायला नाही, नुसते ‘ला’.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

दोन्ही प्रतिसादांनी माझा बराचसा गुंता सोडवला, त्याबद्दल मनापासून आभार. परळच्या प्रतिसादातला ‘ला’ माझ्या डोक्यात शिरून बसला आहे. आपण ‘सवाईला’ जातो, ‘कीर्तनाला’ जातो, ‘जत्रेला’ जातो. मराठीने इंद्रिय न निवडता जाण्याची सोय करून ठेवली आहे, आणि पाहणे, ऐकणे, भिजणे, नाचणे हे सारे त्या एका प्रत्ययात मावते. अडचण एवढीच, की हा ‘ला’ प्रसंगाला लागतो, माणसांना लागत नाही. ‘लोलापलूझाला गेले’ बरोबर आहे. ‘स्ट्रोक्सला गेले’ म्हणता येत नाही. बँडचे नाव आले, की क्रियापद निवडावेच लागते.

ते निवडण्यासाठी मी भाचीला समोर बसवून विचारले, की पहिल्या रात्री इमॅजिन ड्रॅगन्स वाजवत असताना तू नक्की काय करत होतीस? ती म्हणाली, की पुढे एक उंच मुलगा होता, त्याच्या खांद्यावरून ती टाचा उंचावून पाहत होती. शब्द तिला पाठ होते आणि भोवतीचे सगळे मोठ्याने गात असल्यामुळे गायकाचा आवाज मधूनमधून बुडत होता. ढोलाचा ठोका मात्र कानाआधी छातीत लागत होता. हे ऐकल्यावर ‘ऐकले’ हा शब्द तिच्यावर लादण्याचा मला अधिकार नाही, असे मी मान्य केले. मी सवाई गंधर्व महोत्सवात, रमणबागेत, पहाटेपर्यंत डोळे मिटून बसलेली बाई आहे. तो महोत्सव १९५३ पासून चालू आहे आणि त्याने आमच्या पिढीला मान खाली घालून ऐकायला शिकवले. तेथे पाहण्यासारखे असते ते तंबोरे जुळवणे, आणि तेही श्रोत्यांपुढेच होते. भाची सांगते, की रॉकमध्ये ही तयारी दुपारीच, रिकाम्या मैदानात उरकलेली असते. ‘साउंड चेक’ला ‘वाद्ये जुळवणे’ म्हटले, तर आपल्या वाचकाला तो मैफलीचा भाग वाटेल. तो शब्द मी तसाच ठेवला.

एक दुरुस्ती मात्र मी सोडली नाही. लेखात शेवटी ‘बँडला वन्स मोअर मिळाला’ असे होते. आपला वन्स मोअर म्हणजे तेच पद, तेथल्या तेथे, पुन्हा. आजीच्या आठवणींतला तो हाच. रॉकमध्ये बँड मंचावरून निघून जातो, लोक ओरडत राहतात आणि तो परत येऊन निराळी दोनतीन गाणी वाजवतो. आपल्याकडे भैरवी झाली, की गाणे संपले. भैरवीनंतर गवयाला परत बोलावण्याची रीत नाही, म्हणून तिला शब्दही नाही. तेथे आम्ही ‘लोकांनी बँडला परत बोलावले’ असे साधे लिहिले. जाहिरातीत ज्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते त्या मुख्य बँडसाठी मात्र शब्द घरातच सापडला. सवाईची सांगता वर्षानुवर्षे भीमसेनजी करत, पुढे प्रभाताई अत्रे करत. ‘दुसऱ्या दिवसाची सांगता स्ट्रोक्स यांनी केली’ हे वाक्य भाचीलाही आवडले.

‘समक्ष’विषयी ती अजून साशंक आहे, तिला तो तलाठ्याच्या पंचनाम्यातला वाटतो. ‘प्रत्यक्ष’वर आम्ही दोघी थांबलो. छापायला गेलेले वाक्य असे आहे : ‘लोलापलूझाला मी आयुष्यात पहिल्यांदा इतके रॉक बँड प्रत्यक्ष पाहिले, आणि त्यांच्या गाण्यांवर उभ्या उभ्या नाचले.’ ‘उभ्या उभ्या’ हे माझे नाही. मुद्रित परत देताना तिने ते पेन्सिलीने स्वतः वाढवले.