मदत हवी आहे: फ्रेडेन्सबोर्ग जहाज आणि आपलं सुती कापड

नमस्कार मंडळी. मी कापडावर काम करते. सध्या नॉर्वेत आरेन्दालला एका आर्टिस्ट रेसिडेन्सीसाठी आले आहे. विषय आहे उत्तर युरोपातला गुलामव्यापार. डेन्मार्क-नॉर्वेचं ‘फ्रेडेन्सबोर्ग’ हे जहाज आफ्रिकेतून माणसं नेऊन कॅरिबियन बेटांवर विकून परतताना, १७६८ च्या डिसेंबरात इथेच फुटलं. अवशेष १९७४ मध्ये सापडले, त्यात हस्तिदंतही होते. इथल्या शांत, पांढऱ्या लाकडी घरांकडे बघून यातलं काही मनातही येत नाही.

मला सगळ्यात जास्त टोचतंय ते वेगळंच. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या मोबदल्यात जो माल दिला जायचा, त्यात भारतीय सुती कापडही असे. डॅनिशांची वखार तमिळ किनाऱ्यावर तरंगमबाडीला होती. रोज हातात कापड घेते, आता घडी उलगडतानाही हात थबकतो.

दोन गोष्टींत मदत हवी आहे. अठराव्या शतकातलं डॅनिश हस्ताक्षर वाचता येणारं कुणी ओळखीचं आहे का? आणि कोरोमंडलकडचं, हातमागावरचं, नैसर्गिक निळीत रंगवलेलं जाडंभरडं कापड पाच-सहा वार कुठे मिळेल? चेन्नई-पुदुच्चेरीकडच्या मराठी मंडळींनी जरूर सांगा. पोस्टाचा खर्च मी देईन.