‘देवावर भाव ठेवणे’ म्हणजे विश्वासच का?

धरमपेठकर: नागपुरात सदर भागात राहणाऱ्या माझ्या मित्राचं कंत्राट संपलं, नोकरी गेली. त्याच्या चर्चमधल्या एक मावशी म्हणाल्या, “परमेश्वरावर भाव ठेव बाळा, त्याचं ऐक.” आम्हाला भाव ठाऊक तो संत्र्याचा! ‘विश्वास ठेव’ का नाही म्हणाल्या?

इतवारीकर: देव भावाचा भुकेला. भाव म्हणजे भक्ती, संपलं की!

सदरकर: एवढ्यात नाही संपत. हा प्रयोग मराठी बायबलातला आहे, नीतिसूत्रे ३:५. परमेश्वरावर भाव ठेव, स्वतःच्या बुद्धीवर अवलंबून राहू नको, असा त्याचा आशय. समोर ‘अवलंबून राहणे’ आहे, म्हणून इथला भाव नुसता मनातला उमाळा नव्हे, त्यात भार टाकणं आहे. विश्वास नुसत्या मानण्यालाही म्हणतात. याकोबाच्या पत्रात (२:१९) देव एकच आहे असा विश्वास भुतेही धरतात आणि थरथर कापतात. भुतांचा देवावर भाव आहे, असं कोण म्हणेल?
इतवारीकरांचंही अगदीच चुकलं नाही म्हणा. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीसाठी अभंगच जवळ केला. त्यामुळे वारकऱ्यांचा भाव आम्हा ख्रिस्ती लोकांना परका नाही.

महालकर: मावशींचं ‘ऐक’ राहिलंच. ‘पोरगं ऐकत नाही’ म्हणजे काही ते बहिरं नसतं. बायबलातल्या ‘शामा’ या हिब्रू शब्दाचंही तसंच, ऐकणं आणि मानणं दोन्ही त्यात येतं.

धरमपेठकर: म्हणजे आज्ञापालन? मला तर तो शब्द परेडचा वाटतो.

सदरकर: प्रवचनात चालतो, घरी आम्ही ‘देवाचं ऐकणं’च म्हणतो. बायबलातला अब्राहाम देवाच्या सांगण्यावरून कुठे जायचं ते ठाऊक नसताना निघाला (इब्री ११:८). पत्ता कळल्यावर निघाला असता तर त्यात भाव कसला? पण हात जोडून घरी बसणं म्हणजेही भाव नव्हे हं. तुमचा मित्र अर्ज करत राहिला आणि अनुभवाचा खोटा दाखला जोड म्हटल्यावर त्यानं नाही म्हटलं, तर ते ऐकणं.

धरमपेठकर: मग ‘देवावर भाव बसला’ म्हणता येईल?

सदरकर: विश्वास बसतो. ‘भाव बसला’ मी तरी चर्चमध्ये कधी ऐकलं नाही. भाव ठेवतात. बसायची वाट बघत नाहीत.