गच्चीवरच्या कार्यक्रमासाठी मद्य कोणाचे घ्यावे?

बी-२०४ (सांस्कृतिक समिती):
सर्व सभासदांना नमस्कार. ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना घेण्याचे ठरले आहे. मद्याचा खर्च देखभाल निधीतून न करता फक्त इच्छुकांच्या वर्गणीतून होईल. गेल्या बैठकीत असा मुद्दा निघाला होता की, ज्या कंपन्या कामगारांशी आणि पाण्याशी नीट वागतात त्यांचाच माल घ्यावा. दुकानदाराला रविवारी यादी द्यायची असल्याने सूचना त्याआधी कळवाव्यात.

ए-१०१:
मी स्वतः घेत नाही, तरीही विचारतो. जी वस्तू आरोग्यास अपायकारक असल्याचे बाटलीवरच छापलेले असते, तिच्यात नैतिक आणि अनैतिक असा भेद करून आपण केवळ स्वतःची समजूत घालत नाही ना?

सी-७०४:
काका, प्रश्न रास्त आहे. परंतु पिणाऱ्याच्या यकृताचा हिशेब पिणारा चुकवतो. मी ज्या हिशेबाविषयी लिहितो आहे, तो कधी थेंबही न घेतलेली माणसे चुकवतात.

माझी नोकरी आसवन्यांच्या, म्हणजे मद्यार्क गाळणाऱ्या कारखान्यांच्या, सांडपाणी प्रक्रियेत गेली. मळीपासून, म्हणजे उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणाऱ्या दाट पाकापासून, एक लिटर मद्यार्क काढताना साधारण ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश नावाचा सांडद्रव मागे उरतो. तो काळ्या कॉफीसारखा दिसतो आणि त्याला जळक्या काकवीचा वास येतो. पहिल्याच आठवड्यात नमुन्याची बाटली हातातून निसटून माझ्या बुटांवर सांडली, तेव्हा पावसाळा संपला तरी बुटांचा वास गेला नाही आणि घरच्यांनी ते जिन्यातच ठेवायला लावले. घरगुती सांडपाण्याच्या तुलनेत या द्रवाची प्राणवायू शोषून घेण्याची ताकद शंभरपटीहून अधिक असते, म्हणून तो कारखान्याच्या हद्दीबाहेर सोडायचाच नाही असा नियम आहे. त्यापासून बायोगॅस काढतात, तो आटवून बॉयलरमध्ये जाळतात किंवा प्रेसमडमध्ये (उसाचा रस गाळून उरलेल्या गाळात) मिसळून खत करतात. या सगळ्याला पैसा लागतो, आणि जिथे तो वाचवायचा असतो तिथे रात्रपाळीत झडप उघडली जाते. अशा एका ओढ्याकाठच्या विहिरीतले तांबूस पाणी मी पोहऱ्याने काढून पाहिले आहे.

दुसरी गोष्ट उसाची. भारतीय बनावटीच्या बऱ्याच व्हिस्की नावाने व्हिस्की असल्या, तरी त्यांचा पाया मळीच्या मद्यार्काचाच असतो. रम तर उसाचीच. तो ऊस तोडायला बीडहून नवरा-बायकोची जोडी येते, तिला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत फडातून सुटका नसते आणि आजारपणाचा दिवसही खाडा म्हणून दंडात जातो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी आली, त्यांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले होते. त्यामुळे आसवनी कितीही स्वच्छ असली, तरी आपला प्रश्न तिच्या फाटकाशी संपत नाही.

बी-५०२:
दादा, मग प्रमाणपत्र पाहून घेता येणार नाही का? स्कॉटलंडच्या आयला बेटावरील ब्रुइखलाडी या डिस्टिलरीला २०२० मध्ये बी कॉर्प हे समाज आणि पर्यावरणाशी जबाबदारीने वागणाऱ्या कंपन्यांचे मानांकन मिळाले आहे. बेल्जियममधील ट्रॅपिस्ट बिअर मठाच्या आवारातच, साधूंच्या देखरेखीखाली बनते आणि तिचे उत्पन्न मठाच्या निर्वाहासाठी व समाजकार्यासाठी वापरले जाते.

सी-७०४:
ताई, प्रमाणपत्र उपयोगी आहे. पण ब्रूडॉग या स्कॉटलंडच्या बिअर कंपनीलाही तेच मानांकन होते. २०२१ मध्ये तिच्या माजी कर्मचाऱ्यांनी तेथील भीतीच्या वातावरणाविषयी खुले पत्र लिहिले आणि पुढच्या वर्षी ते मानांकन गेले. शिवाय आपल्या गच्चीसाठी बेल्जियमहून बाटल्या मागवायच्या, यात कसली बचत?

ए-६०३:
मला वेगळीच शंका आहे. आमच्या सूनबाई शाकाहारी आहेत आणि वाईन किंवा बिअर गाळताना अंडे वापरतात असे त्यांनी कुठेतरी ऐकले आहे.

सी-७०४:
काकू, त्यांनी ऐकले ते खरे आहे. काही वाईन निवळण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक किंवा दुधातील केसीन वापरतात. बिअरसाठी माशाच्या वाताशयापासून केलेले आयसिंग्लास वापरण्याची जुनी पद्धत आहे. गिनेस या आयरिश बिअर कंपनीने ती काही वर्षांपूर्वी सोडली. बाटलीवर याचा उल्लेख असेलच असे नाही, म्हणून उत्पादकालाच विचारलेले बरे.

ए-१०१:
मग उसाऐवजी धान्याचे मद्य घ्या, एवढेच सुचवायचे आहे का?

सी-७०४:
तेही सोपे नाही, काका. धान्यापासून मद्यार्क बनवणाऱ्या कारखान्यांना राज्य सरकारने २००७ मध्ये अनुदान देऊ केले, त्यावरून ‘खायची ज्वारी दारूला’ म्हणून गदारोळ झाला होता, आणि माझ्या मते तो योग्यच होता. बिअरलाही पाणी लागतेच. २०१६ च्या दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मराठवाड्यातील मद्य कारखान्यांचे पाणी टप्प्याटप्प्याने ६० टक्क्यांपर्यंत कापायला लावले होते.

माझे मत असे की, यंदा रम आणि व्हिस्की वगळावी आणि पुण्याच्या आसपासच्या लहान ब्रुअरीची बिअर घ्यावी. २००९ मध्ये डूलाली ही लहान ब्रुअरी पुण्यात सुरू झाल्यापासून अशा ब्रुअऱ्या आपल्याकडे आहेत. मधापासून मीड बनवणारी मूनशाइन मीडरीही पुण्याचीच. लहान असणे म्हणजे चांगले असणे नव्हे, पण जवळच्या माणसाला प्रश्न विचारता येतो. मी एका ब्रुअरीला पाणी टँकरचे की नळाचे, कंत्राटी कामगारांना भविष्यनिर्वाह निधी मिळतो का आणि बार्लीचा चोथा कुठे जातो, असे तीन प्रश्न लिहून पाठवले. चोथा जवळच्या गोठ्यात जातो आणि पाण्याची बिले हवी तर दाखवू, असे उत्तर दोन दिवसांत आले. निधीविषयी मात्र त्यांनी मौन बाळगले, म्हणून मी पुन्हा विचारले आहे.

बी-२०४ (सांस्कृतिक समिती):
त्या उत्तराची वाट शुक्रवारपर्यंत पाहू. नाही आले, तर दुसऱ्या ब्रुअरीला तेच तीन प्रश्न पाठवू. रम आणि व्हिस्की यादीतून काढली आहे.

ए-१०१:
बाटल्यांचे काय करणार? गेल्या वर्षी फुटक्या काचा ओल्या कचऱ्यात टाकल्या गेल्या आणि कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या ताईंचा तळहात चिरला. त्या दिवशी पट्टी मी बांधली होती.

बी-२०४ (सांस्कृतिक समिती):
बिअरच्या बाटल्या धुऊन पुन्हा भरल्या जातात, त्यामुळे अखंड बाटलीला भंगारात भाव मिळतो. गच्चीच्या दाराशी दोन रिकामे क्रेट ठेवतो. सर्व बाटल्या उभ्या ठेवून १ जानेवारीला सकाळी ताईंच्या हाती द्यायच्या आणि त्यांचे पैसे त्यांनीच घ्यायचे. काका, क्रेटवर लक्ष ठेवण्याचे काम आपण घ्याल का?

ए-१०१:
घेतो. साडेबारापर्यंत जागा राहीन.