सुट्टीच्या दिवशी एकट्याने जवळचं शहर: जर्मनीतले तुमचे अनुभव लिहा

जर्मनीत राहणाऱ्यांना जोडून आलेल्या सुट्ट्यांचं दुखणं माहीत आहे. दुकानं बंद, ओळखीचे सगळे आपापल्या घरी गेलेले, आणि मनात येऊन फोन लावावा तर भारतात निजानीज झालेली. स्टुटगार्टला नवीन आले त्या वर्षी पेंटेकोस्ट या ख्रिस्ती सणाच्या सोमवारी मला खोलीत बसवेना. सकाळीच स्टेशन गाठलं आणि उल्मला जाणाऱ्या गाडीत चढले.

उल्मच्या म्युन्स्टरचा मनोरा १६१.५३ मीटर उंच. २०२५ मध्ये बार्सिलोनाच्या सग्राडा फमिलियाने मागे टाकेपर्यंत जगातलं सर्वांत उंच चर्च हेच होतं. पायाभरणी १३७७ सालची, मनोरा पुरा झाला १८९० साली. ७६८ पायऱ्या. वर जाता जाता गोल जिना इतका अरुंद होतो की समोरून कुणी उतरत असेल तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागतं. एक आजोबा उतरत होते. मी धापा टाकतेय हे पाहून थांबले आणि म्हणाले, "अजून थोडंच राहिलंय." त्या दिवसात माझ्याशी कुणीतरी बोललेलं ते पहिलं वाक्य. वर पोचून मी खूप वेळ डॅन्यूबकडे पाहत बसले. नदीच्या अलीकडे उल्म, पलीकडे नॉय-उल्म, आणि राज्यही वेगळं, बव्हेरिया.

आइनस्टाइनचा जन्म इथला, १८७९ चा. ते घर मात्र युद्धात गेलं. १७ डिसेंबर १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं गाव बहुतेक बेचिराख झालं, म्युन्स्टर तेवढं वाचलं. खाली चौकात ब्रेत्सेल खात होते तर टेबलावर चिमण्या उतरल्या. उल्मकरांची चिमणी लाडकी. कथा अशी की तुळई आडवी धरल्यामुळे वेशीतून आत जाईना, तेव्हा काडी उभी धरून घरट्यात शिरणाऱ्या चिमणीने लोकांना शहाणं केलं. लहानपणी आजीकडून ऐकलेली मेणाच्या घरातली चिऊताई आठवली आणि डोळे भरून आले.

तेव्हापासून जोडसुट्टी आली की मी निघते. तुम्हीही एकट्याने गेला असाल तर लिहा. काय काय पाहिलं याच्यापेक्षा दिवस कसा गेला ते वाचायला आवडेल.

*

म्युनिकहून लिहितेय. नवरा आईच्या आजारपणामुळे नाशिकला गेला होता. मी ८ ऑगस्टची रजा टाकली. शुक्रवार होता, २०२५ ची गोष्ट. औग्सबुर्ग रीजनल गाडीने पाऊण तासाच्या आसपास. उतरले तर दुकानांना कुलपं! ८ ऑगस्ट ही फक्त औग्सबुर्ग शहराची सुट्टी आहे, हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्यांचा शांतिउत्सव. १६२९ साली याच तारखेला तिथल्या प्रोटेस्टंटांची उपासना बंद केली होती. तीस वर्षांचं युद्ध संपून हक्क परत मिळाले, तेव्हा १६५० पासून हा दिवस पाळायला लागले.

नगरपालिकेच्या चौकात लांबच लांब टेबलं मांडली होती. लोक घरून डबे आणतात आणि शेजारच्याला वाढतात. माझ्या पिशवीत तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं गोड लोणचं. थोडं घुटमळले, मग बसले. शेजारच्या बाईंनी बटाट्याचं सॅलड पुढे केलं, मी पुरी दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून आधी वास घेतला. ओवा! नाव सांगता येईना, मग फोनवर चित्र दाखवलं. पुऱ्या आठ होत्या, मला दोन उरल्या. तीन आठवड्यांत पहिल्यांदा मी कुणाबरोबर पंगतीला बसले होते.

संध्याकाळी फुगराय पाहिली. याकोब फुगर या सावकाराने १५२१ मध्ये गरजूंसाठी बांधलेली वस्ती. आजही लोक राहतात, वर्षाचं भाडं ८८ सेंट आणि रोज तीन प्रार्थना. प्रत्येक दाराच्या घंटेची लोखंडी मूठ निराळ्या आकाराची आहे. रस्त्यावर दिवे नव्हते त्या काळी माणसाने अंधारात हात फिरवून आपलं घर ओळखावं म्हणून. मी एका मुठीला हळूच बोट लावून पाहिलं. गार होती, आणि वापरून गुळगुळीत.

*

एक सूचना सगळ्यांसाठी. काही रीजनल गाड्या मधल्या स्टेशनवर तुटतात, पुढचे डबे एका गावाला, मागचे दुसऱ्या. ईस्टरच्या सोमवारी मी कानात गाणी लावून बसलो आणि भलत्याच गावी पोचलो. परतीची गाडी दोन तासांनी, स्टेशनवर चिटपाखरू नाही, प्यायला पाणी नाही. डब्यावरची पाटी वाचा, घोषणा ऐका, बाटली भरून घ्या.

आणि तिकीट: डॉइचलांडटिकिट, म्हणजे देशभरच्या लोकल-रीजनल गाड्यांचा महिन्याचा पास, २०२३ मध्ये महिना ४९ युरोंना सुरू झालं, २०२६ पासून ६३. ते नसेल तर राज्याचं दिवसाचं तिकीट काढा. एरवी ते सकाळी ९ नंतर चालतं, शनिवार-रविवार आणि सुट्टीला मध्यरात्रीपासूनच. दोन्ही तिकिटं आयसीई या वेगवान गाड्यांना चालत नाहीत.

*

मी मूळची सांगलीची, वय ६६. लेकीकडे फ्रँकफर्टला आले आहे. मे महिन्यातल्या गुरुवारच्या सुट्टीला लेक-जावई दोघांचीही दवाखान्यात पाळी होती. लेकीने आदल्या रात्री कागदावर लिहून दिलं: एस ८ लोकल, माइन्झ, न बदलता. वरचं उल्मचं वाचून लिहावंसं वाटलं. जिने माझ्याने होत नाहीत, पण सेंट श्टेफान चर्चचा चढ मी दोनदा टेकून चढले.

आत पाऊल टाकलं आणि सगळं निळं. फरशी निळी, खांब निळे, माझ्या साडीचा पांढरा काठसुद्धा निळा. चित्रकार मार्क शगालने केलेल्या नऊ खिडक्या. पहिली बसवली १९७८ ला, तेव्हा तो ९१ वर्षांचा होता. ज्यू माणूस, १९४१ मध्ये नाझींमुळे फ्रान्स सोडून पळावं लागलेला. त्याने जर्मनीतल्या चर्चला हा उजेड दिला. माझे यजमान गेल्याला चार वर्षं झाली. कुठलंही देऊळ असो, आम्ही दोघं गेलो की ते मागे खांबाला टेकून बसायचे. मी तशीच खांबाजवळचं बाक धरून बसले. किती वेळ ते कळलं नाही.

फोन थरथरला. "आई, कुठे आहेस?" मी बाहेर येऊन म्हटलं, "अजून माइन्झलाच. पुढच्या गाडीने येते, तुम्ही जेवून घ्या."