शब्दचर्चा : ‘निकोटीनचे ग्राही’ म्हणावं का?

प्रश्न : व्यसनमुक्तीवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. मेंदूतल्या ‘निकोटिनिक रिसेप्टर’ना ‘निकोटीनचे ग्राही’ म्हटलं तर चालेल? वाचणाऱ्याला वाटायचं, मेंदूला तंबाखूची गरजच असते.

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. पेशीवर बसून रासायनिक निरोप टिपणाऱ्या प्रथिनासाठी ‘ग्राही’ शब्द रुळलेला आहे, तो ठेवा. अडचण ‘चे’ या प्रत्ययाची आहे. त्यातून मालकी निकोटीनकडे जाते, आणि हे ग्राही तर ॲसिटिलकोलीन या निरोप्या रसायनासाठी आहेत. हे रसायन आपल्याच चेतापेशी तयार करतात. नाव पडलं प्रयोगशाळेत. हेन्री डेल यांनी १९१४ साली दाखवून दिलं की ॲसिटिलकोलीनचे काही परिणाम निकोटीनसारखे होतात, तर काही विषारी अळंबीतल्या मस्करीनसारखे. पुढे ग्राहींच्या दोन्ही गटांना तीच नावं चिकटली.

पहिल्या उल्लेखात ‘निकोटीनलाही दाद देणारे ॲसिटिलकोलीनचे ग्राही’ असं फोडून लिहा, मग खुशाल ‘निकोटिनी ग्राही’ वापरा. त्या ‘ही’वर लेखाचा सगळा अर्थ उभा आहे. ॲसिटिलकोलीन चिकटलं की ग्राहीच्या पाच घटकांमधली वाट उघडते, सोडियमचे आयन आत शिरतात, आणि लगेच एक विकर (एन्झाइम) त्या ॲसिटिलकोलीनचे तुकडे करून टाकतं. निकोटीन त्या विकराला फोडता येत नाही. ते रेंगाळतं, ग्राही दाद देईनासे होतात, आणि सवय जडलेल्या मेंदूत त्यांची संख्याही वाढते. सोडताना जीव कासावीस होतो त्यामागे हेही एक कारण आहे. व्यसनमुक्तीच्या लेखात हे यायलाच हवं.

प्रश्न : मूळ लेखात ‘एंडोजिनस’ पदार्थ असं अनेकवचन आहे. ‘नैसर्गिक पदार्थ’ लिहू?

उत्तर : नको. निकोटीनही नैसर्गिकच आहे, तंबाखूच्या पानात तयार होतं. ‘अंतर्जात’ लिहा, किंवा सरळ ‘शरीरात तयार होणारे’.

अनेकवचन मात्र बरोबर आहे. ॲसिटिलकोलीन फुटल्यावर उरणारं कोलीन (अंड्याच्या बलकात असतं तेच) ‘अल्फा-७’ जातीच्या ग्राहींना स्वतःही चेतवतं. उलट ‘लिंक्स-१’ नावाचं प्रथिन ग्राहींना आवर घालतं. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हेच, कारण त्याची घडण मण्यारीच्या विषातल्या, याच ग्राहींना बंद पाडणाऱ्या प्रथिनाशी मिळतीजुळती आहे. तेव्हा ‘चेतवणारे पदार्थ’ असं सरसकट लिहू नका. ‘ग्राहींवर काम करणारे’ लिहिलंत की दोन्ही बाजू त्यात येतात.