एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्स की डेटा सायन्स? मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार. धाकटी बहीण कोल्हापुरात बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे पुणे विद्यापीठात स्टॅटिस्टिक्स करावं की चेन्नईच्या सीएमआयमध्ये (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) डेटा सायन्स, यावर घरात रोज खल चाललाय. 'जॅम'चा (आयआयटींमधल्या एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा) मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर ती देणारच आहे. खरी धास्ती आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) एम.स्टॅट. या पदव्युत्तर कोर्सची. फी नाही, वर स्टायपेंड. पण प्रवेशाच्या लेखी पेपरात उत्तर पायऱ्यांसकट मांडावं लागतं आणि तिचं रिअल अ‍ॅनालिसिस (कॅल्क्युलसमागची थिअरी) जरा कच्चं आहे. प्रोबॅबिलिटी पक्की, 'आर' या प्रोग्रॅमिंग भाषेत रिग्रेशन चुटकीसरशी करते, पायथॉनला अजून हात लावलेला नाही. माझ्या मते आधी थिअरी. टूल्स काय, नंतरही शिकता येतात. (बाबांना 'डेटा सायन्स' या नावाचीच भुरळ!) यांपैकी काही कुणी केलंय का? अ‍ॅनालिसिससाठी कुठलं पुस्तक घ्यावं, आणि चेन्नईत राहण्या-जेवणाचा महिन्याचा खर्च साधारण किती येतो?