बेंबीपाशी दुखत होतं, आता उजवीकडे. सकाळपर्यंत थांबू का?

भांडुपकर, रात्री ९:४०
काल संध्याकाळी स्टेशनबाहेर दोन वडापाव हाणले. रात्री बेंबीभोवती दुखायला लागलं, म्हटलं गॅस. आईने ओवा-काळं मीठ दिलं, बेंबीत हिंग भरला. आज दिवसभर अन्नावर वासना नाही, एकदा उलटी. दुपारपासून दुखणं खाली उजवीकडे सरकलंय आणि तिथंच ठाण मांडून बसलंय. ताप ९९.८. आई म्हणते, वायू धरलाय, झोप. आमचे डॉक्टर सकाळी १० ला येतात. वय ३१.

सिस्टरताई
थांबू नका. नोकरीची २२ वर्षं कॅज्युअल्टीत, म्हणजे हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात, काढलीत मी. आधी बेंबीपाशी, मग उजवीकडे खाली, भूक मेलेली, वर बारीक ताप, ही अपेंडिक्सची चाल. गॅस पोटभर फिरतो, वारा सरला की हलकं वाटतं. तुमचं तसं नाही. नक्की काय ते हात लावून, रक्त आणि सोनोग्राफी बघूनच कळेल. जिना उतरताना पायरीगणिक तिथंच कळ येते का बघा. शेक नको, जुलाबाचं औषध तर अजिबात नको. आता काही खाऊ नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. गोळी घेतली असेल तर कुठली, किती वाजता, ते तिथे सांगा. सायन हॉस्पिटलची कॅज्युअल्टी रात्रभर चालू असते. उठवत नसेल तर १०८ लावा.

बोरिवली स्लो
ताईंचं ऐक रे. मी असाच गोळी खाऊन चर्चगेट गाठलं होतं. गाडी रूळ बदलते ना, त्या हिसक्याला जीव जायचा. एका दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन टोचून घरी पाठवलं. संध्याकाळी दुखायचं एकदम थांबलं! खूश होऊन वरण-भात जेवलो. रात्री हुडहुडी. अपेंडिक्स फुटलं होतं, म्हणून थांबलं होतं. पोटात नळी घालून ११ दिवस पडून होतो.

मीनल
मध्येच विचारते. सासूबाई ६४, डायबेटिस आहे. जेवल्यावर छातीखाली जळजळतं, पित्त म्हणतात.

सिस्टरताई
नेहमीचंच असेल तरी एकदा दाखवून घ्या. पण कधी त्यासोबत दरदरून घाम आला, दम लागला, तर ते पित्त समजू नका. लगेच ईसीजी. डायबेटिसवाल्यांचं हार्ट अटॅकमध्ये छातीत दुखेलच असं नाही. आणि पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, तर तीही तशीच तातडी. भांडुपकर, निघालात का?

भांडुपकर, रात्री १०:२५
तिसऱ्या पायरीलाच कळलं. रिक्षात आहे. एलबीएस रोडचा एकेक खड्डा पोटात लागतोय.

भांडुपकर, दोन दिवसांनी
पहाटे काढलं. सुजलेलं होतं, फुटलं नव्हतं. ऑपरेशनआधी सिस्टर पोट पुसत होत्या, बेंबीतला हिंग बघून आईकडे वळल्या. आई खिडकीबाहेर बघत राहिली.